वाळवून रुजणारी फांदी

गुलाबाची किंवा जास्वंदीची फांदी कापली की ती लगेच मातीत खोचायची, ते जमणार नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असते. जेड, निवडुंग, शेर यांच्या बाबतीत मात्र नियम नेमका उलटा आहे. फांदी कापायची, सावलीत कोरड्या जागी टाकून ठेवायची, जखमेवर खपली धरू द्यायची आणि मगच ती लावायची. घाई करून ओल्या मातीत लावली तर ती बुडापासून कुजते. अशा मांसल पानाखोडाच्या झाडांना आता सगळेच ‘सक्युलंट’ म्हणतात. गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये ती इतकी माजतात की वर्षा-दोन वर्षांनी कात्री हाती घ्यावीच लागते. हा उलटा नियम कुणी लिहून ठेवला, त्यामागचे कारण कसे उलगडत गेले आणि त्यातून जगात काय काय घडले, याचा मागोवा घेताना मला जे सापडले ते इथे मांडते आहे. ज्या गुणामुळे ही झाडे आपल्या घरी आली, त्याच गुणाने काही देशांच्या जमिनी गिळल्या. म्हणून घरातल्या छाटणीचा विचार कुंडीच्या काठाशी संपत नाही.

तुटलेल्या भागातून झाड उगवते याचे नवल फार जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसने ओपूस या गावाच्या आसपास वाढणाऱ्या, पानांतून मुळे फुटणाऱ्या एका वनस्पतीचा उल्लेख केला आहे. ही वनस्पती निवडुंग असणे शक्यच नव्हते. कॅक्टस कुळातली फड्या निवडुंगासारखी झाडे मूळची अमेरिका खंडातली, आणि ती कोलंबसानंतरच युरोपात पोचली. पण ती पोचल्यावर, फडीतून फडी फुटताना पाहून, युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते जुने गावाचे नाव या परक्या झाडाला देऊन टाकले. फड्या निवडुंगाचे शास्त्रीय नाव ‘ओपुन्शिया’ पडले ते असे.

‘सक्युलंट’ हा झाडांचा वेगळा गट म्हणून प्रथम ठळकपणे मांडला तो रिचर्ड ब्रॅडली या इंग्रज अभ्यासकाने. १७१४ साली तो हॉलंडला गेला. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे दक्षिण आफ्रिकेच्या केपहून येताना तिथली चमत्कारिक झाडे आणत, आणि ॲमस्टरडॅमच्या बागेत ती वाढवली जात. ब्रॅडलीने ती पाहिली आणि १७१६ ते १७२७ या काळात पाच भागांत, प्रत्येकी दहा, अशा पन्नास झाडांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्याने या गटाची ओळख सांगितली तीही मजेदार आहे: ज्या वनस्पती कागदात दाबून, वाळवून संग्रहात ठेवता येत नाहीत त्या या. त्या काळी वनस्पतिशास्त्र उभे होते ते वाळवलेल्या नमुन्यांवर. ही झाडे मात्र दाबली तर सडत किंवा आठवडेच्या आठवडे जिवंतच राहत. अभ्यासकांना अडचणीचा वाटणारा हा चिवटपणा जहाजावरच्या माणसाला सोयीचा होता. पाण्याविना महिनोन् महिने तग धरणारे दुसरे कुठले रोप त्याला मिळणार होते?

नियम कागदावर आला तो लंडनमधल्या चेल्सी येथील औषधी बागेत. फिलिप मिलर १७२२ पासून जवळजवळ अर्धशतक या बागेचा प्रमुख माळी होता. त्याचा बागकामाचा कोश १७३१ साली निघाला आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. निवडुंगासारख्या झाडांची फांदी सांध्यावर कापावी, कोरड्या उबदार जागी ठेवून तिची जखम भरू द्यावी, त्याला पंधरवडाही लागेल, आणि मग ती लावावी, असा त्याचा सल्ला आहे. आज रोपवाटिकेतला माळी आपल्याला तोंडी जे सांगतो, ते जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी असे छापून झाले होते. आपण ज्याला जेड म्हणतो त्या ‘क्रॅसुला ओव्हाटा’चे शास्त्रीय वर्णनही मिलरनेच १७६८ साली केले. नाव देताना त्याने ते झाड दुसऱ्या प्रजातीत घातले होते. ‘ओव्हाटा’ हा शब्द मात्र त्याचाच टिकला.

मिलरने काय करावे ते सांगितले. असे का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा हिंदुस्थानातून गेला, आणि तोही जिभेच्या चवीवरून. बेंजामिन हाइन हे जर्मन गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत दक्षिण हिंदुस्थानात वनस्पतींचा अभ्यास करत. काही काळ बंगळूरची लालबागही त्यांच्याकडे होती. आपल्याकडच्या बागांत वाढणाऱ्या पानफुटीचे पान त्यांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिले. सकाळी ते आंबट लागे, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट. हे निरीक्षण त्यांनी १८१३ साली एका पत्रात लिहिले आणि लंडनच्या लिनियन सोसायटीने ते १८१५ मध्ये छापले. त्याचा पूर्ण अर्थ लागायला विसावे शतक उजाडले. ही झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि तो आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा उजेडात ते आम्ल वापरले जाते. म्हणून सकाळी आंबट आणि दुपारी बेचव.

कापलेल्या फांदीचे रहस्यही इथेच आहे. गुलाबाची फांदी कापली की पानांतून पाणी उडून जाते आणि ती तासाभरात मान टाकते. जेडची फांदी भर दुपारी दारे मिटून बसलेली असते, शिवाय पोटात पाणी असते. तिला धोका तहानेचा नसून ओलीचा आहे. कापलेला रसाळ भाग ओल्या मातीत गेला की बुरशी आणि जिवाणू आत शिरतात. काही दिवस कोरड्या हवेत ठेवले तर कापलेल्या पेशींवर चिवट, पाणी न झिरपणारा थर तयार होतो. त्या थरामागे, आतल्या जिवंत भागातून, मुळे फुटतात.

युरोपात पानफुटीवर सर्वांत जास्त जीव जडला तो महाकवी ग्योथेचा. पाने, पाकळ्या, पुंकेसर ही सगळी एकाच मूळ अवयवाची रूपे आहेत, असे त्याने १७९० सालच्या आपल्या वनस्पतिविषयक निबंधात मांडले होते. एका पानाच्या कडेवर रोपांची अख्खी रांग उभी करणारे हे झाड त्याला आपल्या विचाराची जिवंत साक्ष वाटले यात आश्चर्य नाही. वायमारमध्ये तो ते वाढवी आणि स्नेह्यांना त्याची पाने भेट देई. १८२६ साली मारिआन फोन विलेमर या मैत्रिणीला त्याने पाने पाठवली, सोबत लहानशी कविता आणि ती कशी रुजवावी याची माहितीही होती. जर्मनीत या झाडाला आजही ग्योथेचे झाड म्हणतात. मूळचे मादागास्करचे हे रोप आपल्याकडे शाळेच्या विज्ञानाच्या धड्यात शाकीय प्रजननाचे उदाहरण म्हणून येते. पान ओल्या मातीवर ठेवून रोपे मोजण्याचा प्रयोग न केलेला मराठी विद्यार्थी विरळाच.

पण छाटणी कशी करावी, याचा उत्तम धडा मला माणसांच्या बागेत सापडला नाही. तो सापडला दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, स्पेकबूमच्या रानात. आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘जेड’ म्हणून जे बारीक पानांचे झाड सर्रास विकले जाते, ते खरे तर हे स्पेकबूम, ‘पोर्चुलाकेरिया आफ्रा’. तिथले हत्ती ते वरून मोडून खातात. खाताना तुटलेल्या फांद्या खाली पडतात आणि रुजतात. बुंध्याभोवती जमिनीलगत पसरलेला फांद्यांचा घेर शाबूत राहतो आणि मातीवर सावली धरतो. हजारो वर्षे खाल्ले जाऊनही ते रान टिकले. माणसांनी मोठ्या प्रमाणावर शेळ्या आणल्या आणि चित्र पालटले. शेळी खालून खाते. तो घेर नाहीसा होतो, माती उघडी पडते आणि वर पाने असूनही झाड हळूहळू मरते. मोठे पट्टे असे उजाड झाल्यावर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने ते पुन्हा उभे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याची पद्धत एकच: फांद्या कापायच्या आणि जमिनीत रोवायच्या.

हत्तीचा हा धडा गच्चीवरही लागू पडतो. जेड माजले की आपण खालच्या फांद्या साफ करून झाडाला छत्रीचा आकार देऊ पाहतो. ही शेळीची छाटणी झाली. वरचे शेंडे पेरावर कापावेत, खालचा घेर राखावा. कमी उजेडामुळे लांबट, विरळ झालेली खोडे पुन्हा आखूड होत नाहीत. त्यांचा शेंडा कापून वेगळा लावणे आणि उरलेल्या बुंध्याला उजेडात ठेवून नवे फुटवे येऊ देणे हाच उपाय. बारीक फांद्यांना तीन-चार दिवस, जाडांना आठवडा, निवडुंगाच्या फडीला मिलरचा पंधरवडा. मातीत निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. आपल्या हवेत हे काम पावसाळ्यात करू नये, कारण तेव्हा जखम वाळतच नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला उत्तम. शेर किंवा साबर छाटताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी, तो फार दाहक असतो.

इथवरची गोष्ट कौतुकाची आहे. दुसरी बाजू निवडुंगाची आहे, आणि तिच्यात आपणही आहोत. तुटलेली फडी वाटेल तिथे पडली तरी रुजते, म्हणून कुंपणाला ती सोयीची. गुरांच्या पायांनी, पुराच्या पाण्याने, कापून बांधावर फेकल्याने तिचा प्रसारच होत गेला. परक्या देशातून आलेले हे झाड आपल्या मातीत इतके मुरले की पुण्याच्या नाना पेठेत निवडुंगात सापडलेला म्हणून ‘निवडुंग्या विठोबा’ नांदतो. तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात त्याच्याच देवळात मुक्कामाला असते. दुष्काळात काटे भाजून फड्या गुरांपुढे टाकल्या गेल्या, हेही खरे. पण जिथे निवडुंग माजला तिथे चराऊ राने आणि पडीक जमिनी माणसाला व जनावराला बंद झाल्या.

त्याच्या ऱ्हासाची सुरुवात एका चुकीच्या किड्याने झाली. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि त्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ती मोडण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनी धडपडत होती. १७९५ साली कॅप्टन नील्सनने ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले. ते खऱ्या कोचिनीलचे नव्हते, हलका रंग देणाऱ्या दुसऱ्याच जातीचे निघाले. रंगाचा धंदा बसला. मात्र त्या किड्यांनी निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. त्यातून धडा घेऊन १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचे किडे दक्षिण भारतात आणले गेले आणि उरलेल्या निवडुंगालाही आळा बसला. ऑस्ट्रेलियात हेच नाटक अवाढव्य प्रमाणावर घडले. १७८८ मध्ये पहिल्या वसाहतवाल्यांच्या जहाजांबरोबर निवडुंग तिथे पोचला, तोही रंगाच्याच लोभाने. त्यानंतर आणखी जाती आल्या आणि १९२०च्या दशकापर्यंत सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन निवडुंगाखाली गेली. १९२५ साली अर्जेंटिनाहून एका पतंगाची सुमारे २,७५० अंडी आणली गेली आणि त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत ती जमीन मोकळी केली. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावात १९३६ साली बांधलेल्या सभागृहाला या पतंगाचे नाव आहे. तोफा-तलवारींना स्मारके असतात, तिथे शेतकऱ्यांनी अळीला दिले.

म्हणूनच छाटणीनंतर उरणाऱ्या तुकड्यांचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ग्योथेची लाडकी पानफुटी हवाईपासून गालापागोसपर्यंत अनेक बेटांवर उपद्रवी ठरली आहे. तिची काही भावंडे ऑस्ट्रेलियात गुरांना विषारी ठरतात. आपण मात्र कापलेली पाने-फांद्या सहज टेकडीवर, नाल्याकाठी किंवा सोसायटीच्या मागच्या ओसाड कोपऱ्यात टाकतो. गुलाबाची टाकलेली काटकी मरून जाते. यांचे तसे नाही. माझ्याकडे आता दोन टोपल्या असतात. चांगले तुकडे एका टोपलीत, नाव लिहून, शेजारीपाजारी द्यायला. उरलेले दुसऱ्या टोपलीतून काळ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून, उन्हात ठेवते. पूर्ण सडल्याशिवाय त्यांचे खत करत नाही.

वाटण्याच्या टोपलीचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढले आहे. दुर्मीळ सक्युलंटांचा शौक वाढल्यापासून दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातून कोनोफायटमसारखी रोपे मुळासकट उपटून चोरून विकली जात आहेत. त्यांतली काही जगात एखाद्या डोंगरावरच उगवतात. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या फांदीने कुठलाच डोंगर उघडा पडत नाही. ग्योथे मैत्रिणीला पान पाठवताना ते कसे लावायचे हेही कळवत होता. फांदी देताना आपणही दोन गोष्टी सांगाव्यात: आधी वाळव, आणि जास्तीची झाली तर रानात टाकू नकोस, कुणाला तरी दे.