तळेगावची काचभट्टी

श्रोतेहो, आपल्या छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर पैठण आहे. तेथील उत्खननांत काचेचे प्राचीन मणी निघाले. तेव्हा काच या भूमीला परकी नव्हे. पण मणी ओढून किंवा सळईवर गुंडाळून होतो. नळीने फुंकून पात्र घडविणे ही निराळी विद्या. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्यसमुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे जन्मली. महाराष्ट्रात तिची मोठी शाळा तळेगाव दाभाडे येथे भरली. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते तिच्याविषयी.

अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे तज्ज्ञ म्हणून आले.

वाळू, सोडा आणि चुना मिळतो. हात मिळत नाहीत, ही खरी अडचण. दिव्याची काच एकट्याने होत नाही. एक जण पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला मुशीतला रस घेतो, लोखंडी पाटावर लोळवून त्याला आकार देतो व पहिली लहानशी फुंकर घालतो. दुसरा तीच नळी घेऊन गोळा साच्यात सोडतो आणि नळी फिरवीत फुंकतो. साचा उघडणारा-मिटणारा खाली बसलेला असतो. चौथा ती काच नळीवरून तोडून हळूहळू निवविण्याच्या भट्टीत नेतो. घाईने निवली तर ती तडकते. सारा खेळ क्षणांचा. एक गडी उठून गेला की उरलेले तिघे निरुपयोगी! म्हणूनच परदेशी कारागिरांवर विसंबलेले त्या काळचे कित्येक कारखाने टिकले नाहीत.

तळेगावने यावर उपाय केला तो शिकविण्याचा. आमच्या मते तेथे झालेल्या मालाहून तेथे तयार झालेली माणसे अधिक मोलाची. ती पुढे ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर गेली. वार्ष्णेयांनीही नंतर उत्तरेत बहजोई येथे कारखाना काढला. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. साच्यापाशी बसणारी जगभर बहुधा पोरेच असत. त्यांच्या डोळ्यांनी व कातडीने किती आच सोसली, हे उद्योगाच्या गौरवग्रंथांत सहसा येत नाही.

आठच वर्षांनी, १९१६ साली, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. वीज आली, कंदील माळ्यावर चढला. ओगलेवाडीच्या भट्ट्याही पुढे निवल्या. आपल्यापैकी कोणाच्या घरी तशी जुनी काच अजून असेल तर ती उजेडात धरून पाहावी. एखादा बारीक बुडबुडा दिसेल. पुष्कळांना तो फुंकणाऱ्याचा श्वास वाटतो; वस्तुतः तो मुशीतल्या रसातून निसटू न शकलेला वायू होय.