भ्रमणध्वनी संचाच्या ओळखक्रमांकातील फेरफार आणि भारतीय कायदा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पैठण गेट परिसरात गेल्या दोन दशकांत भ्रमणध्वनी संचांची विक्री व दुरुस्ती करणाऱ्या दुकानांची मोठी बाजारपेठ वाढत गेली. नवा संच, वापरलेला संच, फुटलेला पडदा, बिघडलेले सॉफ्टवेअर अशा सर्वांचा व्यवहार अशा बाजारात शेजारी शेजारी चालतो. या प्रत्येक संचाला एक पंधरा अंकी क्रमांक असतो. त्यास 'आयएमईआय' असे म्हणतात. त्यातील पहिले आठ अंक संचाचा प्रकार दर्शवितात, पुढील सहा अंक त्या विशिष्ट संचाचे असतात आणि शेवटचा अंक पडताळ्यासाठी असतो. सिमकार्ड ग्राहकाची ओळख सांगते, तर हा क्रमांक यंत्राची ओळख सांगतो. सिम बदलले तरी तो बदलत नाही. निदान तो बदलू नये अशी अपेक्षा असते.

हा क्रमांक बदलणे गुन्हा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आज एका वाक्यात देता येते. परंतु सुमारे बावीस वर्षे ते तसे देता येत नव्हते. भारतात भ्रमणध्वनी सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली आणि क्रमांकातील फेरफाराचा नावानिशी उल्लेख करणारे नियम २०१७ मध्ये आले. मधल्या काळात फेरफार होत होते, खटलेही दाखल होत होते. मात्र त्यासाठी उसन्या कलमांचा आधार घ्यावा लागत होता. या उसनवारीचा इतिहास मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खूण कोणाची?

वस्तूवर खूण करून तिची अदलाबदल रोखण्याची कल्पना दख्खनला नवी नाही. इ.स. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेल्या अल्लाउद्दीन खिलजीने पुढे सुलतान झाल्यावर लष्करातील घोड्यांना डाग देण्याची पद्धत अवलंबिली. अकबराने ती मनसबदारी व्यवस्थेत पक्की केली. घोड्यावर डाग आणि स्वाराचा 'चेहरा' म्हणजे वर्णन दप्तरी, अशी ही दुहेरी नोंद होती. चांगला घोडा हजेरीला दाखवून नंतर तट्टू ठेवणे, किंवा एकच घोडा दोनदा मोजविणे, या लबाडीवर तो उपाय होता. मोगलांच्या दख्खन सुभ्याचे केंद्र बनलेल्या औरंगाबादेला ही व्यवस्था अपरिचित असण्याचे कारण नव्हते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हा डाग घोड्याचा मालक कोण हे सांगण्यासाठी नव्हता. तो राज्याच्या हिशेबासाठी होता.

ब्रिटिश काळातील कायद्याची दृष्टी वेगळी होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'मालमत्ता चिन्ह' ही संज्ञा आहे. जंगम वस्तू अमुक व्यक्तीची आहे हे दर्शविणारी खूण, असा तिचा अर्थ. दुसऱ्यास हानी पोहोचविण्याच्या उद्देशाने अशी खूण काढणे वा विद्रूप करणे हा कलम ४८९ अन्वये एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा होता. (भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३४६ मध्ये आली आहे.) आयएमईआय मात्र मालकाचे नाव सांगत नाही, तो कारखान्यात दिला जातो आणि संच दहा हातांतून फिरला तरी तोच राहतो. त्यामुळे व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांचा विचार करून लिहिलेले हे कलम त्यास नीट लागू पडत नाही. या अर्थाने आयएमईआयचे नाते मालमत्ता चिन्हापेक्षा मोगलांच्या डागाशी अधिक जवळचे आहे.

पुराव्याच्या दृष्टीनेही तो निराळा आहे. वाळूजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या दुचाकीच्या चॅसिसवरील क्रमांक खरवडला तर धातूवर ओरखडा राहतो. यंत्राच्या स्मृतीत बदललेल्या अंकाला डोळ्यांना दिसेल असा ओरखडा नसतो.

हैदराबादचा खटला :

या विषयावरील पहिला महत्त्वाचा न्यायनिर्णय चोरीच्या फोनबाबत नव्हता, तर दोन कंपन्यांच्या स्पर्धेतून उद्भवला. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए तंत्रज्ञानावरील सेवा सुरू केली. सवलतीच्या योजनेत संच स्वस्तात मिळे, परंतु तो रिलायन्सच्याच जाळ्यावर चालेल असा बांधलेला असे. सीडीएमए संचात आयएमईआयऐवजी इलेक्ट्रॉनिक अनुक्रमांक असे आणि सेवा त्याच्याशी जोडलेली असे. टाटा इंडिकॉमच्या काही कर्मचाऱ्यांनी असे संच नव्याने प्रोग्राम करून ग्राहक आपल्याकडे वळविल्याची तक्रार २००३ मध्ये हैदराबादच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे दाखल झाली.

आरोपींनी गुन्हा रद्द करण्यासाठी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात धाव घेतली. २९ जुलै २००५ च्या निर्णयात न्यायालयाने विश्वासघात, फसवणूक व कट यांसंबंधीची दंड संहितेची कलमे रद्द केली. परंतु माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६५ आणि स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ६३ यांखालील तपास चालू ठेवण्यास मुभा दिली. भ्रमणध्वनी संच हा 'संगणक' आहे आणि त्यातील अनुक्रमांकात फेरफार करणे म्हणजे संगणकाच्या मूळ संहितेत फेरफार करणे होय, ही त्यामागील भूमिका होती. कलम ६५ ला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

हा निर्णय दूरगामी ठरला यात शंका नाही. तथापि त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. संचाची पूर्ण किंमत देऊन तो घेणाऱ्या ग्राहकाने स्वतःच्या यंत्रात बदल केला तर काय, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हता. शिवाय कलम ६५ कायद्यानुसार जतन करावयाच्या मूळ संहितेबद्दल बोलते, अंकाबद्दल नव्हे. इंग्लंडने २००२ मध्येच भ्रमणध्वनी पुनर्प्रोग्रामिंगविरोधी स्वतंत्र कायदा करून पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली होती. भारतात त्या वेळी अशी स्पष्टता नव्हती.

एकशे नव्व्याण्णव रुपयांचा क्रमांक :

त्यानंतरच्या दशकात स्वस्त चिनी संचांचा पूर आला. त्यांपैकी अनेकांत आयएमईआय नसे, किंवा सर्व शून्ये असत, किंवा हजारो संचांत एकच क्रमांक असे. दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २००८ मध्ये असे संच जाळ्यावरून बंद करण्याचे निर्देश दिले. पुढच्याच महिन्यात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि या प्रश्नाला राष्ट्रीय सुरक्षेची धार आली. जून २००९ मध्ये अशा संचांच्या आयातीवर बंदी घालण्यात आली. मुदत अनेकदा वाढवून अखेर ३० नोव्हेंबर २००९ ही तारीख निश्चित झाली.

परंतु हे संच घेणारा वर्ग कोणता होता? दोन सिम, मोठा आवाज, लांब टिकणारी बॅटरी आणि नामांकित कंपनीच्या तुलनेत अत्यल्प किंमत पाहून खरेदी करणारा तो सामान्य माणूस होता. त्याचा दोष इतकाच की पंधरा अंकांबद्दल त्यास कोणी सांगितले नव्हते. म्हणून शासनाच्या संमतीने सेल्युलर कंपन्यांच्या संघटनेने अस्सल आयएमईआय बसवून देण्याची योजना आखली. १९९ रुपये भरून ग्राहकास आपल्या संचात वैध क्रमांक घालून घेता येत असे.

या प्रसंगाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वास्तविक तो या इतिहासाचा गाभा आहे. अधिकृत केंद्रावर संगणकाला संच जोडून क्रमांक लिहिला जाई. गल्लीतील दुरुस्ती दुकानातही याच रीतीने क्रमांक लिहिता येत असे. कृती एकच, पण एक शासनमान्य सेवा आणि दुसरी संशयास्पद. बेकायदेशीरपणा कृतीत नव्हता, तर क्रमांक देण्याचा अधिकार कोणाचा यात होता. हे तत्त्व मात्र अजून कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते.

२०१७ नंतर :

ते लिहिले गेले ऑगस्ट २०१७ मध्ये. भारतीय तार अधिनियम, १८८५ खाली केंद्र शासनाने फेरफार प्रतिबंधक नियम अधिसूचित केले. उत्पादकाखेरीज अन्य कोणीही हेतुपुरस्सर क्रमांक काढणे, पुसणे वा बदलणे बेकायदेशीर ठरले. तसा फेरफार झाल्याचे माहीत असूनही ते यंत्र वा सॉफ्टवेअर वापरणे किंवा बाळगणेही त्यात आले. शिक्षेसाठी आधार घेतला गेला तो तार अधिनियमाच्या कलम २५ चा. तारयंत्रणेची नासधूस करणाऱ्यांसाठीचे हे कलम बिनतारी यंत्रातील अंकासाठी वापरले जावे, हा उसनवारीचा शेवटचा टप्पा म्हणावा लागेल.

अंमलबजावणीचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. हरवलेले व चोरीचे संच देशभरातील जाळ्यांवर बंद करणारी केंद्रीय नोंदवही, म्हणजे 'सीईआयआर', १३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत महाराष्ट्रासाठी प्रथम सुरू करण्यात आली आणि मे २०२३ मध्ये ती सर्व देशास खुली झाली. ज्याचा संच चोरीस गेला त्या विद्यार्थ्याला किंवा रिक्षाचालकाला या क्रमांकाचा प्रत्यक्ष उपयोग होऊ लागला तो तेव्हापासून. पण नोंदवहीची सारी मदार क्रमांक एकमेव असण्यावर आहे. जून २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून अधिक संच चालू असल्याचे आढळले. प्रकरण उघड झाले ते एका पोलीस कर्मचाऱ्याच्या दुरुस्त करून आणलेल्या संचावरून. असा क्रमांक बंद करावा तर हजारो निरपराधांचे फोन बंद पडणार, आणि न करावा तर चोर मोकळा राहणार.

दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम ४२ दिनांक २६ जून २०२४ पासून लागू झाले. ओळखक्रमांकातील फेरफारास तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. फेरफार केलेला संच जाणूनबुजून बाळगणाराही त्याच शिक्षेस पात्र आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनी २०१७ च्या नियमांची जागा घेतली.

'जाणूनबुजून' या एका शब्दावर जुन्या संचांच्या बाजारातील खरेदीदाराचे भवितव्य अवलंबून आहे. खोक्यावरील क्रमांक व पडद्यावरील क्रमांक जुळतो की नाही हे न पाहता, पावतीविना, तीन-चार हजारांत संच घेणाऱ्याला काय ठाऊक होते हे ठरविणार कसे? ऑक्टोबर २०२५ मधील दुरुस्तीने या प्रश्नाचा काही भार दुकानदारावर टाकला आहे. वापरलेल्या संचाची खरेदी-विक्री करणाऱ्याने व्यवहारापूर्वी तो क्रमांक शासनाच्या यादीशी ताडून पाहणे आता बंधनकारक आहे. ज्या दुकानातील व्यवहार आजवर तोंडी विश्वासावर चालत आला, तेथे यापुढे पुरावा राहणार आहे. आणि न्यायालयात तोच पुरावा दुकानदाराच्या बाजूने उभा राहील किंवा विरुद्ध.