धानोरा परिसरातील वनप्रवास आणि मुक्काम

धानोरा हे महाराष्ट्र राज्याच्या गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्याचा बराचसा भाग वनाच्छादित असून त्याची पूर्व सीमा छत्तीसगड राज्याला लागून आहे. येथील लोकसंख्येत गोंड आदिवासींचे प्रमाण मोठे आहे. गोंडी व मराठी या येथील प्रमुख भाषा असून सीमावर्ती गावांत छत्तीसगडीही बोलली जाते. या भागातील बहुतेक जंगल एखाद्या ना एखाद्या गावाच्या वहिवाटीत आहे. त्यामुळे प्रवाशाचा जंगलातील मुक्काम वनखात्याच्या नियमांइतकाच ग्रामसभेच्या संमतीशी निगडित आहे.

दळणवळण

जिल्ह्यातील जुने रेल्वे स्थानक देसाईगंज (वडसा) हे गोंदिया–चांदाफोर्ट मार्गावर आहे. तेथून, तसेच नागपूर आणि चंद्रपूर येथून गडचिरोलीस रस्त्याने जाता येते. गडचिरोली–धानोरा रस्ता पुढे मुरुमगावमार्गे छत्तीसगडमध्ये जातो. मुख्य रस्ता सोडल्यावर अनेक गावांकडे जाणारी वाट जंगलातून व नाल्यांतून जाते. निवासाची सोय मुख्यतः गडचिरोली शहरात आहे.

नक्षलवादी चळवळीमुळे हा तालुका दीर्घकाळ अशांत होता. २००९ मध्ये तालुक्यात पोलीस पथकांवर मोठे हल्ले झाले. आतील गावांकडे जाताना स्थानिक पोलीस ठाण्यास पूर्वसूचना देणे इष्ट मानले जाते.

हवामान व हंगाम

येथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. वैनगंगेची उपनदी कठाणी व इतर नाले फुगल्यावर सखल पुलांवरील वाहतूक थांबते. जिल्ह्याच्या दक्षिण भागात भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे वारंवार तुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास सर्वांत अनुकूल असतो. उन्हाळा अत्यंत कडक असतो.

मार्च–एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने गोळा केली जातात. या काळात गावकरी पहाटेपासून जंगलात असतात. या उत्पन्नावर अनेक कुटुंबांचे वर्षाचे गणित अवलंबून असल्याने मोहाच्या झाडाखाली तळ ठोकणे किंवा वाहन उभे करणे हा थेट त्यांच्या कामातील अडथळा ठरतो.

वनहक्क आणि मुक्काम

धानोऱ्यापासून सुमारे ३ किमी अंतरावरील मेंढा (लेखा) हे गाव सामूहिक वनहक्कासाठी देशभर ओळखले जाते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे सोपवण्यात आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. गावाचे निर्णय सर्वसहमतीने होतात. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांनी ग्रामसभेची परवानगी घ्यावी, असा येथील संकेत आहे.

धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने येथे पेसा कायदा, १९९६ लागू आहे. आरक्षित वनात परवानगीशिवाय विस्तव पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. उन्हाळ्यात साग व बांबूच्या वाळक्या पाल्यात लहानशी शेकोटीही वणव्याचे कारण ठरू शकते. त्यात गावाचा बांबू, तेंदू आणि गुरांची चराई एकाच वेळी नष्ट होण्याचा धोका असतो.

वन्यजीव

या जंगलात साग, ऐन, बिजा, धावडा, मोह व तेंदू हे वृक्ष आढळतात. वाघ, बिबट्या व अस्वल यांचा वावर जिल्ह्यात आहे. मोहफुलांसाठी अस्वलेही झाडाखाली येत असल्याने पहाटेच्या वेळी धोका अधिक असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमधून जिल्ह्यात आला. धान व मोहाच्या वासाने हत्ती वस्तीजवळ येतात. त्यामुळे उघड्यावर धान्य ठेवणे किंवा तंबूत अन्न साठवणे धोकादायक असते.

आरोग्य

जिल्हा मलेरियाप्रवण असून पावसाळ्यात व त्यानंतर रुग्णसंख्या वाढते. मेंदूपर्यंत पोहोचू शकणारा फाल्सिपेरम प्रकारही येथे आढळतो. मुक्कामात मच्छरदाणी आवश्यक असते. प्रवासानंतर काही आठवड्यांतही ताप आल्यास जंगलात राहिल्याचे डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करून घेणे गरजेचे ठरते. गडचिरोली–धानोरा रस्त्यावरील चातगावजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आणि तेथील माँ दंतेश्वरी दवाखाना आहे.

लोकचळवळीनंतर १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू आहे. प्रवाशांनाही ती बंधनकारक आहे.

जवळची स्थळे

आरमोरी तालुक्यातील वैरागडचा किल्ला, वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील प्राचीन मंदिरसमूह, पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांचा भामरागड येथील संगम आणि हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प ही जिल्ह्यातील अन्य स्थळे आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे प्रवेशद्वारे, शुल्क व ठरलेल्या फेऱ्या अशी व्यवस्था आहे. धानोऱ्याच्या जंगलात तसे प्रवेशद्वार नसले, तरी त्याची राखण करणारी गावे आहेत.