सरकारी गिऱ्हाईक आणि गावचा कारागीर



सकाळी शाळेत गेलात की भोवताली एकदा नजर टाकून पहा. खडूची पेटी, बाके, मुलांचे गणवेश, अंगणवाडीतला आहार, दवाखान्यातील चादरी. या साऱ्यांचे गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे सरकार. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात – म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरात – याच्याएवढे मोठे गिऱ्हाईक दुसरे क्वचितच सापडेल. मग प्रश्न असा पडतो, की हा माल पारनेरची शिवणकाम करणारी बाई किंवा शेवगावचा सुतार का पुरवीत नाही? उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

नगर, भिंगार आणि संगमनेर येथील माग एकेकाळी प्रसिद्ध होते. 1884 च्या जिल्हा गॅझेटियरात इथल्या लुगड्यांच्या विणकामाची नोंद आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल या अभियंत्याने नगरमध्येच जलद चालणारा हातमाग तयार केला. म्हणजे हातात कसब होते आणि अवजारही सुधारत होते. अडचण होती ती गिऱ्हाइकाची. त्या काळी हिंदुस्थान सरकारला लागणाऱ्या मालाचा मोठा भाग लंडनहून, इंडिया ऑफिसच्या स्टोअर्स खात्यामार्फत येई. पैसा इथल्या रयतेचा, अन् खरेदी मात्र सातासमुद्रापलीकडे!

1916 साली सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक आयोग नेमला गेला. सरकारी मालाची खरेदी या देशातच व्हावी, त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, असे आयोगाने 1918 च्या अहवालात सुचविले. त्यातून 1922 साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघाले. 1931 पासून रुपयांत निविदा मागविण्याचे धोरण आले. दार देशी कारखानदाराला उघडले खरे. पण ते मोठ्यांसाठी. चार मागांच्या विणकराला त्याची वार्ताही नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. 1955 साली राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ स्थापन झाले. लहान कारखान्याची नोंदणी करायची, त्याची कुवत तपासायची आणि सरकारी खरेदीत त्याला वाटा मिळवून द्यायचा, हे त्याचे एक मुख्य काम. त्याच वर्षी पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योग यांना योजनेत मानाचे स्थान द्यावे, असा आग्रह धरला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झाले आणि 1962 मध्ये आपल्या राज्याचे स्वतःचे लघुउद्योग विकास महामंडळ निघाले. 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली. नोंदणीसाठी मुंबईच्या वाऱ्या करण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

इथे कुणी म्हणेल, "पण हा दाखल्याचा खटाटोप हवाच कशाला? माल चांगला असला म्हणजे झाले!" या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. घरचे गिऱ्हाईक कापड चुरगाळून पाहते आणि भाव करते. सरकार विकत घेते ते दुसऱ्यासाठी. गणवेश घालणारे पोर किंवा चादरीवर निजणारा रोगी खरेदीच्या वेळी तिथे नसतो. त्याच्या वतीने कुणीतरी माल पारखलाच पाहिजे. आपल्या मानक संस्थेने मानक क्रमांक 1 दिला तो 1951 साली, आणि तो कशाला? राष्ट्रध्वजाला! कापड खादीचे, पण सूत, रंग, माप, शिलाई, सगळे नियमात बसले पाहिजे. हाताने कातलेल्या सुतालाही कसोटी लावता येते, आणि त्यात कारागिराचा अपमान नाही, हा त्यातला धडा.

परंतु कसोटी वेगळी आणि अडसर वेगळा. आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. अंगणवाडीचा आहार ठेकेदारांकडून न घेता शक्यतो गावची मंडळे, बचत गट व महिला मंडळे यांच्याकडून घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2004 मध्ये दिला. तरीही 2016 साली राज्यात निघालेल्या निविदेच्या अटी अशा होत्या, की लहान गटांना त्यांत शिरकावच मिळणे कठीण. बचत गट न्यायालयात गेले. 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली आणि नव्याने काढण्यास सांगितले. आहार स्वच्छ आहे का, ही कसोटी. पण ज्या अटीने बायांचा लहान गट दारातच अडतो, तो अडसर. हा फरक आपण ओळखायला शिकले पाहिजे.

आता आजची वाट पाहू. समजा, पारनेरच्या त्या बाईंना शिलाईचा माल सरकारला विकायचा आहे. पहिली पायरी म्हणजे 'उद्यम' नोंदणी. ही 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. आधार आणि पॅन यांवर होते, आणि तिला सरकारी फी नाही. कुणी 'साहेबांची फी' म्हणून पैसे मागितले तर देऊ नयेत. दुसरी पायरी म्हणजे 2016 साली निघालेल्या 'जेम' या सरकारी बाजारपेठेत विक्रेता म्हणून नाव घालणे. तिसरी पायरी निविदेची. केंद्राच्या 2012 च्या आदेशाने केंद्रीय खाती व उपक्रम यांना लहान उद्योगांकडून ठराविक हिस्सा घ्यावा लागतो. 2018 पासून तो 25 टक्के आहे. त्यांच्या निविदेत नोंदणी झालेल्या लहान उद्योगाला निविदा-पत्रक फुकट मिळते आणि बयाणा रक्कमही माफ असते. राज्याच्या खरेदीचे नियम निराळे. त्यांची संहिता डिसेंबर 2016 ची. म्हणून निविदा कुणाची आहे, हे आधी वाचावे.

आणि पैशांचे काय? "सरकारी काम अन् सहा महिने थांब" ही म्हण आपल्या तोंडी आहे. लहान माणसाचे सहा महिने म्हणजे त्याचे भांडवलच गेले. म्हणून 2006 च्या कायद्याने मुदत घातली. सूक्ष्म वा लहान उद्योगाचा माल स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत पैसे चुकते झाले पाहिजेत. न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि दाद मागण्यास परिषद. पण त्यासाठी नोंदणी आधी झालेली हवी, आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती जपून ठेवलेली हवी.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे आपले काम येते. गावात अर्ज वाचून दाखवणारा माणूस बहुधा तुम्हीच. एखाद्या सुताराला किंवा बचत गटाला अटींचे कलम न् कलम समजावून सांगा. एका घराचे कसब त्यामुळे टिकेल. ज्या बाकावर आपली मुले बसतात ते आपल्याच गावच्या हाताने घडलेले असावे, एवढी साधी इच्छा आहे. ती पुरी व्हायला शंभर वर्षांत बरीच दारे उघडली. आत पाऊल टाकण्यासाठी आता कागद नीट वाचता आला पाहिजे.