न झिजणाऱ्या ब्रेक पॅडची गोष्ट

विषय वाचून काही जण म्हणतील, ब्रेक पॅडला कसला आलाय इतिहास? आहे ना. आणि तो सुरू होतो मोच्याच्या दुकानात.

साल १८८८, ऑगस्ट महिना, जर्मनी. कार्ल बेंझनं मोटारगाडीचं पेटंट घेऊन दोन वर्षं झाली होती, पण गिऱ्हाईक काही येत नव्हतं. मग त्याची बायको बर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मॅनहाइमहून फोर्ट्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. गाडीला ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडी ठोकळा. उतारावर तो घासून घासून संपायला लागला, तेव्हा तिनं वाटेतल्या मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. झालं, जगातलं पहिलं ब्रेक लायनिंग! मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं, तर ही दुरुस्ती गाडी बनवणाऱ्यानं नाही, चालवणाऱ्या बाईनं केली.

दहाएक वर्षांनी इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला डर्बीशायरच्या डोंगरात असंच काहीतरी दिसलं. उतारावर गाडीवान ब्रेकच्या लाकडाला जुन्या बुटाचं चामडं लावायचे. त्यानं १८९७ साली यावर काम सुरू केलं आणि त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली. नावाची गंमत बघा: फ्रूड या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली आणि बायको एलिझाबेथच्या नावातलं पहिलं अक्षर मध्ये घातलं. पुढे गाड्या वेगवान झाल्या, चामडं-कापूस जळायला लागला, आणि त्याच्या जागी ॲस्बेस्टॉस आला. उष्णतेला एकदम पक्का. पण त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन माणसं मरतात हे उघड झाल्यावरही तो हटवायला कित्येक दशकं लागली. ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये.

आता जरा गणित करू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. दीड टनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगानं चालली आहे आणि तुम्ही ब्रेक मारून ती थांबवलीत. तिच्यातली गतिज ऊर्जा होती ३०० किलोज्यूल. तेवढ्या ऊर्जेत साधारण एक लिटर पाणी उकळतं. म्हणजे प्रत्येक मोठ्या ब्रेकला आपण पाच-सहा कप चहाचं आधण हवेत सोडून देतो. पॅडचं काम हेच, वेगाची उष्णता करायची आणि ते करता करता स्वतः झिजायचं.

ही ऊर्जा परत घेता येईल का, हा प्रश्न प्रियसच्या खूप आधीचा आहे. मोटर फिरवायला वीज लागते, पण तीच मोटर चाकानं फिरवली की ती जनरेटर होते आणि चाकाला अडवते. १८९० च्या दशकातच पॅरिसमध्ये लुई क्रीगर आपल्या विजेच्या बग्ग्यांमध्ये हे वापरत होता. मात्र तेव्हाच्या लेड-ॲसिड बॅटरीला एवढी वीज झटकन पोटात घेणं जमत नव्हतं, आणि थोड्याच वर्षांत पेट्रोलनं मैदान मारलं.

रेल्वेला ही अडचण नव्हती, कारण डोक्यावर तार होती. आणि इथे गोष्ट थेट आपल्या अंगणात येते. भोर घाटात रुळांचा चढ ३७ मीटरला १ मीटर, रेल्वेच्या हिशोबानं भयंकर. उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर तिला अडवायला वेगळ्या चढत्या सायडिंग ठेवलेल्या. जीआयपी रेल्वेनं हा घाट विजेवर आणला तेव्हा १९२८ पासून मालगाड्यांसाठी स्विस बनावटीची इंजिनं आली. आपल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं खेकडा. या खेकड्यांमध्ये रिजनरेटिव्ह ब्रेकिंग होतं. घाट उतरणारी गाडी तारेत वीज परत ढकलायची आणि ती घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी यायची. शिवाय ब्रेकचे ठोकळे तापून निकामी होण्याची भीती कमी. आपण आज 'रिजेन' म्हणत जी गोष्ट मोबाइलच्या स्क्रीनवर कौतुकानं बघतो, ती पणजोबांच्या काळात खंडाळ्यात रोज घडत होती.

कारसाठी मात्र १९९७ उजाडावं लागलं. ताकेशी उचियामादा यांच्या टीमनं केलेली टोयोटा प्रियस त्या डिसेंबरात जपानमध्ये विकायला आली. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, एक इंजिन, दोन मोटरी. आणि ब्रेकच्या बाबतीत एक मोठा बदल. तोपर्यंत पॅडल दाबलं की तेलाचा दाब सरळ पॅडवर जायचा. हायब्रिडमध्ये पॅडल दाबणं म्हणजे एक रिक्वेस्ट झाली. कॉम्प्युटर बघतो, किती थांबायचंय, मोटर किती अडवू शकते, बॅटरीत जागा किती आहे. उरलेलं काम पॅडला. गाडी अगदी हळू झाली की मोटरचा जोर पुरत नाही, तेव्हा शेवटचे काही मीटर पॅडच सांभाळतात.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे पुढचा प्रसंग मला जास्त लागतो. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटानं तिसऱ्या पिढीची प्रियस आणि तिच्या भावंडांच्या मिळून जगभरातल्या चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. तक्रार अशी की खड्ड्यावर किंवा निसरड्या रस्त्यावर एबीएस सुरू झालं की क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो. उपाय? एबीएसच्या सॉफ्टवेअरचं अपडेट. ना पॅड बदलला, ना डिस्क. बर्टाच्या वेळी ब्रेकची दुरुस्ती चामडं आणि खिळे होती, इथे ती काही ओळींचा बदल होता. आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये बग गेला तर पेज हँग होतं. इथे गाडीत कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं.

बरं, आता पॅडकडे. रोजच्या ब्रेकिंगचा मोठा वाटा मोटरनं उचलल्यामुळे हायब्रिडचे पॅड भलतेच टिकतात. मूळ पॅडवर गाडी लाख किलोमीटरच्या पुढे जाणं यात नवल राहिलेलं नाही. सेल्समन हेच सांगतो, आणि ते खरंही आहे. पण त्यातून लोक जो अर्थ काढतात तो चुकीचा आहे. पॅड झिजत नाहीत म्हणजे ब्रेककडे बघायची गरज नाही, असं नव्हे.

साध्या गाडीत पॅड सतत घासतात, त्यामुळे डिस्क आपोआप घासूनपुसून लख्ख राहते. हायब्रिडमध्ये ती बसून राहते आणि बसलेल्या लोखंडाला गंज चढतो. आपला कोकणातला पावसाळा आणि खारी हवा तर विचारूच नका. माझ्या मावशीची गाडी रत्नागिरीला असते, वापर फक्त बाजार आणि देऊळ. पॅड जवळजवळ नव्यासारखे जाड, पण एका चाकाच्या कॅलिपरची सरकपिन कोरडी पडून अडकली होती. त्यामुळे आतला पॅड डिस्कला कायम चिकटून झिजला आणि बाहेरचा तसाच. बाहेरून डोकावून बघितलं तर सगळं छान! चाक काढून दोन्ही बाजूंचे पॅड बघितले तेव्हाच कळलं.

दुसरी गोष्ट घाटाची. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. दीड टनाच्या गाडीसाठी ही सव्वादोन युनिट ऊर्जा झाली, वीजबिलातलं युनिट तेच. हवा आणि टायर त्यातली बरीच खातात, पण प्रियसची बॅटरी अनेक वर्षं जेमतेम १.३ युनिटची होती, आणि तीही कॉम्प्युटर पूर्ण भरू देत नाही. म्हणजे अर्ध्या घाटात बॅटरी म्हणते, पोट भरलं. तिथून पुढे खेकड्यासारखी डोक्यावर तार नाही, वीज द्यायला दुसरी गाडी नाही. सगळा भार इतके दिवस निवांत पडलेल्या त्याच पॅडवर येतो. म्हणून गिअरच्या दांड्यापाशी 'बी' लिहिलेलं असेल तर लांब उतारावर ते वापरा. इंजिनाला गाडी अडवू द्या, पॅड गरजेला थंड राहू दे.

देखभाल फार अवघड नाही. दर सर्व्हिसला, निदान वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चाकं काढून सरकपिना साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावून घ्यायचं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, त्यामुळे ते मॅन्युअलमधल्या मुदतीप्रमाणे बदलायचंच. पॅडची जाडी तीन मिलीमीटरवर आली की नवे घालायचे, मग रीडिंग कितीही असो. आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजला देत असाल तर आधी विचारा, हायब्रिडचे ब्रेक उघडलेत का? काही गाड्यांत नुसतं ड्रायव्हरचं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप जागा होऊन दाब तयार करतो. कॅलिपर उघडा असताना असं झालं तर पिस्टन बाहेर येतो, बोट मध्ये असेल तर चेचतं.

गंजाची ही डोकेदुखी इतकी खरी आहे की फोक्सवॅगननं आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीच्या मागच्या चाकांना चक्क ड्रम ब्रेक दिले. जुनाट म्हणून आपण ज्यांना नाकं मुरडतो तेच. ड्रमच्या आत पाणी कमी जातं, महिनोन्महिने काम नसलं तरी लायनर शाबूत राहतात. दरम्यान युरोपनं २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली: पेट्रोल आणि हायब्रिड गाड्यांना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, निव्वळ इलेक्ट्रिकला ३.

जुनी हायब्रिड विकत घ्यायला गेलात तर विकणारा कौतुकानं सांगेल, 'ऐंशी हजार चाललीय, पॅड अजून कंपनीचेच आहेत.' हसून मान डोलवा, आणि चारही चाकं काढायला सांगा.