खलनायकांचे दिवस

आपल्या आधीच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. त्या गोष्टींत चाचे यायचे, दरोडेखोर यायचे, जबड्यावर कवटीच्या अंगठीचा ठसा उमटवून घ्यायचे आणि निघून जायचे. त्यांची नावं आज कोणाला आठवतात? अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये मात्र नेमकं उलटं झालं. इथे खलनायक हरायचे, पण जायचे नाहीत. पुढे पुढे तर ते सगळ्या नायकांच्या एकत्रित महामालिकांमध्ये, ज्यांना क्रॉसओव्हर म्हणतात, थेट मधल्या खुर्चीत जाऊन बसले. आपली इथे वाढलेली मुलं हेच वाचतात, त्यामुळे हा इतिहास आपल्याला माहीत असलेला बरा.

सुरुवात १९४० पासून करू. त्या वर्षी 'बॅटमॅन'च्या पहिल्याच अंकात जोकर आला. त्याला त्याच अंकात मारून टाकायचं ठरलं होतं. पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना वाटलं की हा माणूस पुन्हा कामाला येईल, आणि शेवटी एक चित्र वाढवून त्याला जिवंत ठेवलं गेलं. १९४७ साली 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या ३७व्या अंकात खलनायकांनी स्वतःची संघटनाच काढली. नायकांची 'जस्टिस सोसायटी', तर यांची 'इनजस्टिस सोसायटी'! म्हणजे मंडळ काढण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

मग आलं १९५४ साल. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. त्यातला एक नियम साधा होता: शेवटी चांगल्याचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. १९७५ मध्ये डीसी कंपनीने जोकरच्या नावाचं स्वतंत्र मासिक काढलं, तेव्हा याच नियमाने पंचाईत केली. ज्याच्या नावाने अंक विकायचा त्यालाच प्रत्येक अंकाच्या शेवटी हरवायचं! नऊ अंकांत ते मासिक बंद पडलं. १९७६ ला सुरू झालेली 'सिक्रेट सोसायटी ऑफ सुपर-व्हिलन्स' पंधरा अंक चालली.

खरा बदल १९८४ मध्ये झाला, आणि तोसुद्धा खेळण्यांमुळे. मॅटेल कंपनीला मार्व्हलच्या पात्रांची खेळणी विकायची होती, म्हणून त्यांना जोड देणारी 'सिक्रेट वॉर्स' ही बारा अंकांची मालिका निघाली. लेखक होते मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर. बियाँडर नावाची एक अफाट शक्ती नायक आणि खलनायक दोघांनाही उचलून एका परक्या ग्रहावर नेते आणि लढायला लावते. हेतू निव्वळ धंद्याचा, पण गोष्ट गाजवली डॉक्टर डूमने. बाकीचे सगळे एकमेकांशी मारामारी करत असताना हा पठ्ठ्या विचार करतो की ज्याने आपल्याला इथे आणलं त्याचीच शक्ती का घेऊ नये? आणि घेतोसुद्धा. मग तो नायकांना शांततेचा शब्द देतो, आणि त्याच्यावर हल्ला करायचा की नाही यावर नायकांना चक्क मतदान घ्यावं लागतं.

१९८९-९० च्या 'अ‍ॅक्ट्स ऑफ व्हेंजन्स'मध्ये लोकी पडद्याआडून मोठमोठ्या खलनायकांना एकत्र आणतो. कल्पना अशी की नेहमीच्या शत्रूकडून हरतोच, तर आपापसात शत्रू बदलून घेऊ. आमच्या कन्सल्टिंगच्या भाषेत सांगायचं तर क्लायंटची अदलाबदल! पण या टेबलावर मॅग्नेटो आणि रेड स्कल शेजारी शेजारी आले. १९८१ मध्ये लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी मॅग्नेटोचं बालपण ऑशविट्झच्या छळछावणीत गेल्याचं दाखवलं होतं, आणि रेड स्कल तर हिटलरचा माणूस. 'कॅप्टन अमेरिका'च्या ३६७व्या अंकात मॅग्नेटो त्याला गाठतो आणि थोडं पाणी ठेवून जमिनीखाली जिवंत गाडतो. 'वाईट लोक' असा एकच गठ्ठा नसतो, त्यांच्यातही कोणाबरोबर बसायचं याची एक रेषा असते, हे या अंकाने दाखवलं. मात्र मॅग्नेटोची शिक्षा न्याय आहे असं लेखक कुठे म्हणत नाही.

२००४ च्या 'आयडेंटिटी क्रायसिस'ने नायकांचाच पाय घसरवला. नायकांनी काही खलनायकांच्या आठवणी पुसल्या होत्या, एकाची तर बुद्धीच बदलली होती. त्याच कारणाने २००५ च्या 'व्हिलन्स युनायटेड'मध्ये खलनायकांची प्रचंड मोठी सोसायटी उभी राहते. लेखिका गेल सिमोन यांनी मात्र गोष्ट लिहिली ती त्या सोसायटीला नकार देणाऱ्या सहा जणांची. त्यातला कॅटमॅन तोवर निव्वळ चेष्टेचा विषय होता. गुन्हेगार असूनही कळपात जायचं नाही म्हणणारी ही माणसं वाचकांना इतकी आवडली की पुढे 'सिक्रेट सिक्स' ही त्यांची मालिका चालली.

२००८ ते २०१० मधलं मार्व्हलचं 'डार्क रेन' मला सगळ्यांत अस्वस्थ करणारं वाटतं. परग्रहवासीयांच्या राणीला नॉर्मन ऑस्बॉर्न सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गोळी घालतो, त्या एका दृश्यावर लोकप्रिय होतो आणि देशाची सुरक्षायंत्रणा त्याच्या हातात जाते. मग तो खलनायकांना नायकांचेच पोशाख चढवतो: बुल्सआय होतो हॉकआय, व्हेनम होतो स्पायडरमॅन. लोक टाळ्या वाजवतात. इथे खलनायकाने शहरावर हल्ला केलेला नाही, शहरानेच त्याला किल्ल्या दिल्या आहेत. २०१३-१४ च्या 'फॉरेव्हर इव्हिल'मध्ये जस्टिस लीग नाहीशी होते आणि दुसऱ्या पृथ्वीवरून आलेल्या, जस्टिस लीगचंच दुष्ट प्रतिबिंब असलेल्या क्राइम सिंडिकेटपासून जग वाचवायला लेक्स लुथर उभा राहतो. तोवर कोडही संपला होता. मार्व्हलने तो २००१ मध्येच सोडला होता, डीसीने २०११ मध्ये.

आता प्रश्न असा की हे सगळं वाचून मुलं बिघडतात का? १९५४ च्या मंडळींनी उत्तर नियमाने दिलं: दुष्ट हरलाच पाहिजे. पण हरणारच हे आधीच ठाऊक असेल तर तो दुष्ट का झाला हे विचारायची गरजच उरत नाही. आपण मराठी माणसांनी तर 'मृत्युंजय' आणि 'राधेय' डोक्यावर घेतलेत. कौरवांच्या बाजूने लढणाऱ्या कर्णासाठी डोळे पुसले म्हणून द्रौपदीचा अपमान कोणी योग्य मानला नाही. समजून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, हा फरक आपल्या घरांत शिकवला गेलाय.

आणि ही दिवाळीच बघा ना. अभ्यंगस्नानानंतर आपण कारीट फोडतो, गोव्यात रात्रभर मिरवून पहाटे नरकासुर जाळतात, तरी त्या दिवसाला नाव मात्र त्याचंच दिलंय. असुराला ठेचायचं, पण विसरायचं नाही. मुलगा किंवा मुलगी डॉक्टर डूमचा अंक घेऊन बसली तर पुस्तक हातातून काढून घेऊ नका. मंडळी, फक्त एवढंच विचारा, "याचं कुठे चुकलं असं तुला वाटतं?" उत्तर ऐकायला मात्र वेळ काढून बसा.