लसीकरण, वऱ्हाडातील बालकांचे

वऱ्हाडात (अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे) बालकांना रोगप्रतिबंधक लस देण्याच्या उपक्रमाचा आणि तिच्या सुरक्षितपणाविषयी पालकांनी वेळोवेळी घेतलेल्या आक्षेपांचा इतिहास. हे आक्षेप सामान्यतः अंधश्रद्धेच्या सदरात टाकले जातात. तथापि त्यांपैकी पुष्कळ आक्षेपांचा रोख लस देण्याच्या त्या त्या काळच्या पद्धतीतील खऱ्या उणिवांवर होता. पद्धत सुधारल्यावर असे आक्षेप मागे पडत गेले.

पूर्वपीठिका : एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तन देवीची लस टोचून देवी या रोगाला प्रतिबंध करता येतो, हे दाखविले. बगदाद व बसरामार्गे ही लस मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे तेथे सरकारी लस टोचणारे नेमण्यात आले व लसीकरणाचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. लोकभाषेत या क्रियेस ‘देवी काढणे’ असे नाव पडले.

रोगाविषयीच्या लोकसमजुती याहून जुन्या होत्या. देवी येणे हा शीतलामातेचा संचार मानला जाई. रुग्णाजवळ कडुनिंबाचा पाला ठेवणे, घरात फोडणी न देणे, रोग ओसरल्यावर देवीस थंड नैवेद्य दाखविणे हे आचार पाळले जात. अंगात आलेल्या देवीला सुईने डिवचल्यास तिचा कोप होईल, ही भीती त्यातूनच निर्माण झाली.

दंडावरून दंडावर टोचणे : आक्षेपांचे मूळ मात्र केवळ या समजुतीत नव्हते. आरंभीच्या पद्धतीत एका मुलास टोचल्यावर साधारणतः आठव्या दिवशी त्याच्या फोडातील लस काढून ती दुसऱ्या मुलाच्या दंडात टोचीत. त्यासाठी टोचलेली मुले गावोगाव नेली जात. आपल्या मुलाचा फोड पुन्हा फोडू देण्यास आया तयार नसत. त्यामुळे मूल अशक्त होते, असे त्या मानीत. दुसऱ्याच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, याविषयी जातिभेदमूलक तिटकारा होता, तशीच त्यातून दुसरा रोग येण्याची धास्तीही होती. ही धास्ती निराधार नव्हती. या पद्धतीने उपदंशाचा संसर्ग झाल्याची उदाहरणे यूरोपात नोंदली गेली होती.

वासराच्या अंगावर तयार केलेली लस आल्यावर हा धोका टळला. पण गाईच्या वंशाशी संबंध असल्याने धार्मिक स्वरूपाचा नवा आक्षेप पुढे आला. १८८० च्या भारतीय लसीकरण अधिनियमात या दोन्ही आक्षेपांची दखल घेतलेली आढळते. पालकाने हरकत घेतल्यास प्राणिज लसीऐवजी मानवी लस टोचण्याची, तसेच प्राणिज लस उपलब्ध असल्यास शुल्क घेऊन ती देण्याची तरतूद त्यात होती. या अधिनियमातील सक्तीचा रोख मुख्यतः नगरपालिका व छावण्या यांवर होता. खेड्यांत मन वळविण्यावरच भर द्यावा लागे. त्यातच उष्णतेने लस बिघडत असल्याने टोचण्याचे काम हिवाळ्यात चाले, आणि वऱ्हाडात तोच कापूस वेचणीचा हंगाम. टोचल्यावर मुलास ताप आला, की मजुरी करणाऱ्या आईचा रोज बुडे.

मुलकोवालची दुर्घटना व गांधीजींची भूमिका : प्लेगच्या साथीत वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे ती टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. एका बाटलीतील लस दूषित झाली होती. हाफकिन यांच्यावर ठपका आला व तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. लस निर्दोष असली, तरी ती हाताळण्यातील एक चूक जीवघेणी ठरू शकते, हे या घटनेने दाखविले.

महात्मा गांधी यांचा विरोध वेगळ्या स्वरूपाचा होता. लसीसाठी प्राण्यांस होणारी पीडा व शरीरात घातला जाणारा अशुद्ध द्रव यांमुळे त्यांना देवी काढणे अमान्य होते. आश्रमीयांवर मात्र त्यांनी आपले मत लादले नाही. १९३० मध्ये साबरमती आश्रमात देवीने मुले दगावली, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासाठीही केवळ तत्त्वाचा उरला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. दंडावर गोल फिरवून जखम करणाऱ्या जुन्या हत्याराची मुलांना मोठी दहशत वाटे; त्याच्या जागी दुतोंडी सुई आली व वेदना कमी झाल्या. याच सुमारास लोकांत नवस व पशुबळी यांविषयी प्रश्न विचारण्याची वृत्ती वाढली होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या कीर्तनांचा तिच्या वाढीत मोठा वाटा होता. देशातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले.

मात्र आणीबाणीतील (१९७५–७७) कुटुंबनियोजनाच्या सक्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी अविश्वास निर्माण केला. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते, या पुढील काळातील अफवेला या आठवणींचे खतपाणी मिळाले. २०१८ च्या गोवर-रूबेला मोहिमेतही राज्यात अशाच अफवा पसरल्या.

मेळघाटातील (अमरावती जिल्हा) कोरकू वस्त्यांत भुमका या पारंपरिक वैद्याचा शब्द मानला जातो. तेथे २०२१ मध्ये कोरोना लसीविषयीची आवाहने कोरकू भाषेतून करण्यात आली. त्रिगुणी लसीतील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे बालकास ताप येऊ शकतो. ही गोष्ट आईस आधी सांगितली नाही, तर ती पुढील मात्रेस बालकास आणण्यास कचरते.

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचा द्रव पाजला गेला. बालके रुग्णालयात देखरेखीखाली ठेवण्यात आली व बरी झाली. संबंधितांवर कारवाई झाली. दोष लसीचा नव्हता. परंतु मुलास काय पाजले जात आहे, हे विचारण्याचा पालकांचा हक्क या घटनेने अधोरेखित केला.

मूल्यमापन : देवीचे उच्चाटन व भारताची पोलिओमुक्ती (२०१४) यांवरून लसीकरणाची उपयुक्तता निर्विवाद ठरते. पालकांच्या शंकांना धमकीने दिलेले उत्तर अल्पकाळ टिकले. सुधारलेली सुई, शुद्ध लस, कळेल अशी भाषा आणि चुकीची उघड कबुली ही उत्तरे अधिक टिकाऊ ठरली. लस नाकारणारी आई व लस टोचून घेणारी आई या दोघींचीही चिंता मुलाच्या जिवाचीच असते, हे ध्यानी घेऊन केलेले लसीकरणच वऱ्हाडात रुजले.